हिरा आणि हिशेब

जमशेदपूरच्या कारखान्याचा विषय निघाला की हिऱ्याची गोष्ट निघतेच. १९२४ साली तिजोरीत खडखडाट होता, दोराबजी टाटांनी ज्युबिली हिऱ्यासकट आपली मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवली आणि कारखाना तगला. गोष्ट सुरेख आहे. पण गहाणावर उचललेलं कर्ज फेडावं लागतं, आणि बेल्जियमचं पोलाद स्वस्तात आपल्या धक्क्यांवर उतरत असताना ते फेडायचं कशातून? त्याचं उत्तर तीन माणसांनी मांडलेल्या एका हिशेबात होतं. त्या तिघांतले एक पुण्याचे प्रोफेसर. मी बरीच वर्षं त्यांच्या मागावर आहे.

वामन गोविंद काळे. फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. गोखल्यांच्या आर्थिक सुधारणांवर त्यांनी १९१६ साली पुस्तक लिहिलं. १९३५ साली द. कृ. साठ्यांबरोबर बँक ऑफ महाराष्ट्र काढली. आज लोकांना ते आठवलेच तर त्यामुळे आठवतात. मधल्या काळात ते इंडियन टॅरिफ बोर्डावर होते, ही गोष्ट आपण पार विसरलो.

बोर्डाआधीचा इतिहास भराभर उरकतो. १९२१ साली फिस्कल कमिशन नेमलं गेलं. परदेशी मालावर जकात लावून देशी धंद्याला संरक्षण द्यायचं तर त्याने तीन अटी घातल्या: धंद्याला निसर्गाची अनुकूलता हवी, मदतीशिवाय त्याची वाढ अशक्य असावी, आणि पुढे त्याला कुबड्या टाकता याव्यात. खुद्द अध्यक्ष इब्राहिम रहिमतुल्लांनीच चार सभासदांसह भिन्नमतपत्रिका जोडली, यावरून त्या अटी किती पटल्या होत्या ते कळतं. या अटी एकेका धंद्याला लावून पाहायला १९२३ च्या जुलैत टॅरिफ बोर्ड बसलं. अध्यक्ष जॉर्ज रेनी हे सनदी अधिकारी. दुसरे पदमजी गिनवाला, रंगूनचे पारशी बॅरिस्टर. तिसरे काळे. रानड्यांनी डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं १८९२ साली. एकतीस वर्षांनी पुण्याच्याच एका अध्यापकाच्या हाती तराजू आला. पहिलं प्रकरण पोलादाचं.

त्या चौकशीतल्या साक्षींचे जाडजूड खंड सरकारने छापले आहेत. मी ते प्रथम उघडले ते काळ्यांचं नाव शोधायला, आणि अडकलो आकड्यांत. टनामागे कोळसा किती, मजुरी किती, घसारा किती धरायचा, भांडवलावर परतावा किती रास्त: कंपनी सांगते, बोर्ड उलटतपासणी घेतं. यातून निघते ‘रास्त विक्री-किंमत’. परदेशी माल बंदरात ज्या भावाने पडतो तो तिच्यातून वजा करायचा. उरेल तेवढी जकात. दिसायला बाळबोध वजाबाकी. पण घसाऱ्याचा किंवा परताव्याचा आकडा इंचभर सरकवा, लाखोंचा फरक पडतो.

जून १९२४ मध्ये कायदा झाला. बांधकामाच्या पोलादावर टनाला ३० रुपये, सळ्यांवर ४०, गॅल्वनाइज्ड पत्र्यांवर ४५. रुळांचं मात्र वेगळं दुखणं होतं. रेल्वेशी टाटांचे करार आधीच कमी भावाने झाले होते, म्हणजे जकात वाढवून त्यांच्या हाती काही पडणार नव्हतं. म्हणून तिथे रोख अनुदान: पहिल्या वर्षी टनाला ३२ रुपये, मग २६, मग २०. कुबडी दरसाल आखूड करत न्यायची.

काही महिन्यांतच सगळं विस्कटलं. युरोपातली चलनं घसरली, रुपया वधारला, भाव कोसळले. टनामागे ठरवलेली जकात तोकडी पडली आणि टाटा पुन्हा दारात उभे. बोर्डाने जकात वाढवा म्हटलं; सरकारने ते बाजूला सारून वर्षाला कमाल ५० लाखांचं अनुदान दिलं. शिफारस एकाची, सही दुसऱ्याची.

ही रीत अजून चालू आहे. दिल्लीत संसद मार्गावरच्या ‘जीवन तारा’ इमारतीत व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर, आहे. २०१८ साली जुनी खाती एकत्र करून ते झालं. उद्योग अर्ज करतो, खातं चौकशी करून शुल्क सुचवतं, लावायचं की नाही ते अर्थमंत्रालय ठरवतं, आणि २०२० नंतर या मंत्रालयाने अशा बऱ्याच शिफारशी बाजूला ठेवल्या. डम्पिंगच्या, म्हणजे परदेशी माल पडत्या भावाने इथे ओतल्याच्या, प्रकरणात रास्त विक्री-किंमतही नाव बदलून भेटते. तिला आता ‘हानी न करणारी किंमत’ म्हणतात, आणि परतावा रिवाजाने २२ टक्के धरतात. पोलादही परत रांगेत आलं. एप्रिल २०२५ मध्ये काही पोलादी मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरतं शुल्क लागलं, आणि ऑगस्टमध्ये डीजीटीआरने तीन वर्षांची उतरंड सुचवली: १२, साडेअकरा, अकरा. शंभर वर्षांपूर्वीची कुबडी तीन वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त आखूड व्हायची. ही तेवढ्याच काळात बारावा हिस्सा.

मी संरक्षणाच्या विरोधात नाही. काळेही नव्हते. पण जो जकात भरतो, त्याला वजाबाकी तपासता आली पाहिजे. टाटांचा टनामागचा खर्च पुण्यातला कोणीही उघडून पाहू शकत होता. आज डम्पिंगचं निष्कर्षपत्र वाचायला घ्या. गोपनीयतेचा नियम आहे, त्यामुळे हानीचं प्रमाण ‘२० ते ३० टक्के’ अशा मोघम टप्प्यात दिलेलं असतं, आणि ज्या किमतीवर सगळा डोलारा उभा, तिच्या रकान्यात तीन तारका छापलेल्या असतात.