समुद्रातल्या नळीची उचकी

गेलेले पाणी परत आले, की नळाने आधी फुसफुसावे, मग खाकरावे आणि एकाएकी अंगावर सपकारा मारावा, हा अनुभव कोणत्या शहरी गृहिणीला नाही? हवा आणि पाणी एका नळीत शिरली, की शहाण्यासारखी चालत नाहीत. घरात फार तर पदर भिजतो. पण हाच खेळ समुद्रात सुरू झाला म्हणजे?

समुद्रतळाच्या विहिरीतून तेल एकटे येत नाही. वायू आणि पाणी त्याच्या संगतीला असतात. हे त्रिकूट तळावरच्या नळीने येते आणि शेवटी उभ्या नळीने वर प्लॅटफॉर्मवर चढते. तळची नळी चढाकडे किंचित उतरती असली आणि प्रवाह मंद असला, की खोडी सुरू होते. जड द्रव चढाच्या पायथ्याशी साचून वायूची वाट बुजवतो. वायू मागे कोंडतो, द्रव उभ्या नळीत चढत राहतो. पाण्याचा १०० मीटर उंच स्तंभ सुमारे १० वातावरणांइतका दाब देतो. यावरून आतल्या ओझ्याची कल्पना यावी! अखेर नळी काठोकाठ भरते, वायू पायथ्यातून आत घुसतो, वरचे ओझे हलके होते, आणि उरलेला द्रव लोंढ्याने बाहेर फेकला जातो. मागोमाग वायूचा झोत. मग सारे शांत; आणि पुन्हा साचणे सुरू.

वर तेल व वायू वेगळे करणारी टाकी असते. लोंढ्याने ती तुडुंब होते, मधल्या काळात रिकामी राहते. नळ्यांना हादरे बसतात, प्रसंगी उत्पादन बंद ठेवावे लागते, आणि भर समुद्रात ज्वालाग्राही वायूच्या शेजारी राबणाऱ्या माणसांना धोका वाढतो.

यावर उपाय काय? वरची झडप आवळावी. पण तसे केल्यास उत्पादन फार घटेल, असे १९७३ साली योकम या संशोधकांनी मांडले. पुढे अमेरिकेतील टल्सा विद्यापीठात झेलिमिर श्मिट यांनी प्रयोग केले. झडप बेताने आवळली, तर लोंढे थांबतात आणि उत्पादन जवळजवळ तेवढेच राहते, असे १९७९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. मर्म असे, की प्रवाह धावू लागला की अरुंद वाट त्याला अधिक विरोध करते. त्यामुळे वायूला एकदम उसळता येत नाही.

आता अनेक ठिकाणी दाब पाहून झडप आपोआप कमीजास्त उघडणारी यंत्रणा हे काम करते. जास्त तेल हवे तर दार सताड उघडावे, हा आपला साधा हिशेब. समुद्रातल्या नळीपुढे मात्र तो चालत नाही.