घरी वाळविलेली तंबाखू का विझते?

‘तंबाखू’ हा शब्द मराठीस पोर्तुगीजांच्या संपर्कातून लाभला. वसईवर त्यांचा अंमल १५३४ ते १७३९ पर्यंत होता. घरी वाळविलेले पान धुमसून विझले की त्यास ‘ओले’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मात्र दोन भिन्न कारणे एकत्र करतो. वसईसारख्या किनाऱ्यावर जेथे जमीन वा विहिरीचे पाणी खारे असते, तेथे वाढलेले पान क्लोराईड शोषून घेते. क्लोराईड ज्वलन रोखते, शिवाय हवेतील ओलावाही ओढते; उलट पोटॅशियमचे सेंद्रिय क्षार विस्तव टिकवितात. ओलावा उन्हाने जातो, क्लोराईड जात नाही. म्हणून पुरते वाळवूनही पान विझत असेल, तर दोष बहुधा जमिनीत, पाण्यात किंवा क्लोराईडयुक्त खतात शोधावा.