पानं लागत नाहीत तेव्हा

जुलै २०१७. लास वेगासच्या रिओ हॉटेलात 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा नुकती सुरू झाली होती. प्रवेश फी दहा हजार डॉलर. व्हेनेसा सेल्ब्स्टच्या हातात दोन एक्के आले आणि टेबलावर एक्का, सत्ती, पंजी उघडली. चौथं पान पडलं तेही सत्तीचं. एक्क्यांचं फुल हाऊस, म्हणजे तीन एक्के आणि दोन सत्त्या. पोकरमध्ये एवढा भक्कम हात क्वचितच मिळतो. तिला हरवू शकेल अशी एकच जोडी गड्डीत उरली होती, बाकीच्या दोन सत्त्या. समोर बसलेल्या फ्रान्सच्या गेएल बोमानच्या हातात नेमक्या त्याच होत्या. सेल्ब्स्ट पहिल्याच दिवशी बाहेर पडली.

त्याच वर्षाच्या अखेरीला तिनं व्यावसायिक पोकर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ब्रिजवॉटर या गुंतवणूक कंपनीत नोकरी धरली. तिच्या नावावर वर्ल्ड सिरीजची तीन ब्रेसलेट (तिथली स्पर्धा जिंकल्याचं मानचिन्ह) होती, स्पर्धांमधली एक कोटी दहा लाख डॉलरहून अधिक कमाई होती आणि त्या वेळी जगातल्या कुठल्याही महिला खेळाडूनं एवढे पैसे जिंकले नव्हते. त्या एका डावामुळे ती गेली, असं सांगितलं की गोष्ट रंगते, पण ते खरं नाही. ज्यांनी आयुष्यभर पत्ते खेळले ते एका डावाला खचत नाहीत. त्यांना पोखरतं ते वेगळंच काहीतरी, आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत या खेळानं त्याच्याशी कसा झगडा केला, हे पाहण्यासारखं आहे.

मागोवा घ्यायचा तर २००३ पासून घ्यावा लागतो. टेनेसीतला ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३८ जणांना मागे टाकून पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. पुढच्या वर्षी २,५७६ खेळाडू आले, त्यापुढे ५,६१९, आणि २००६ मध्ये ८,७७३. नोकरी सोडून पोकर खेळणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. या पिढीला आधीच्यांसारखे धूर भरलेल्या खोल्यांतले अनुभव नव्हते, पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी आधी कुणाकडेच नव्हती: प्रत्येक डावाची नोंद. कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवत होता. त्यामुळे दुर्दैव म्हणजे किती दुर्दैव, हे पहिल्यांदाच मोजता येऊ लागलं.

आणि मोजल्यावर जे दिसलं ते फार कठोर होतं. हातात एक्क्यांची जोडी असताना समोरच्यानं राजांच्या जोडीवर सगळे पैसे लावले, तरी पाच-सहा वेळांतून एकदा राजेच जिंकतात. हे एका डावाचं झालं. आता एक चांगला, खरोखर जिंकणारा खेळाडू घ्या. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागे तो सरासरी पाच बिग ब्लाइंड (डाव सुरू होण्याआधी लावायची ठरीव रक्कम) कमावतो, म्हणजे उत्तमच म्हणायचा. पण त्याच शंभर डावांतला चढउतार ऐंशी बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. गणित मांडलं तर दहा हजार डाव खेळूनही हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता चारांत एकाहून थोडी जास्तच निघते. एक लाख डावांनंतर ती चाळिसांत एकावर येते. म्हणजे एक लाख डाव नेटानं, नीट, न चिडता खेळून तोट्यात राहिलेली माणसं या धंद्यात खरोखर असतात. त्यांचं काही चुकलेलं नसतं.

खरी छळवणूक इथे सुरू होते. पानं लागत नाहीत म्हणून हरतोय, की खेळच बिघडलाय म्हणून हरतोय, हे त्या माणसाला कळायला मार्ग नसतो. 'नशीब फुटकं' असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा खेळ खरंच कच्चा असतो. ज्याचा खेळ पक्का आहे त्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे तो रोज स्वतःकडे संशयानं पाहू लागतो. मग तो आधी बरोबर खेळत असलेली पानं वेगळी खेळायला लागतो, पूर्वी सोडून दिलेला डाव आता धरून बसतो. नशिबानं झालेलं नुकसान अशा रीतीनं खेळात झिरपतं. तोट्यातला काळ म्हणजे 'डाऊनस्विंग', आणि डोकं फिरल्यावर होणारा खेळ म्हणजे 'टिल्ट'. एकातून दुसऱ्यात माणूस कधी घसरला, हे आठवडाभरानं नोंदी पाहताना उमगतं.

जुन्या पिढीला या सगळ्याचं भान नव्हतं असं नाही, पण उपाय नव्हता. स्टू उंगर हे त्यातलं सर्वांत करुण नाव. १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं तो जगज्जेता होता. नंतर अमली पदार्थ आणि पैजा यांत सगळं घालवून बसला. १९९७ मध्ये बिली बॅक्स्टर या सहकारी खेळाडूनं त्याची फी भरली आणि उंगरनं तिसऱ्यांदा मुख्य स्पर्धा जिंकली. बक्षीस दहा लाख डॉलर. पुढच्या वर्षी तो खेळायला बसलाच नाही आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या एका साध्या मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ४५. उंगरची कहाणी दुर्दैवाची म्हणून सांगितली जाते. वास्तविक पत्त्यांनी त्याला कधीच दगा दिला नाही. टेबलावरून उठल्यानंतर काय करायचं, याचंच उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

ऑनलाइन पिढीचं दुखणं निराळं होतं. तिला उठायलाच लागत नसे. दिवसरात्र कधीही खेळ चालू, एका पडद्यावर चार, आठ, कधी बारा टेबलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा कामाच्या ठिकाणचा न आवरलेला, दीर्घकाळचा ताण हे त्याचं मूळ सांगितलं. थकवा, कामाबद्दल येणारा कडवटपणा आणि आपल्याच्यानं काही होत नाही ही भावना, या त्याच्या तीन खुणा. पोकर खेळणाऱ्याला साहेब नाही, सुटीचा दिवस नाही, पगारही नाही. तरी या तिन्ही खुणा त्याच्यात चपखल सापडतात. त्यात पुन्हा अनेक जण दुसऱ्याच्या पैशावर खेळतात. पैसे लावणाऱ्याशी नफ्याची वाटणी ठरलेली असते, पण तोटा झाला तर तो आधी भरून काढल्याशिवाय खेळाडूला एक पैसा मिळत नाही. या साचलेल्या तोट्याला खेळाडू 'मेकअप' म्हणतात. दीड-दोन वर्षं मेकअपमध्ये अडकलेला माणूस जिंकतो तेव्हाही त्याच्या हाती काही येत नाही. थकवा येण्यासाठी याहून पक्की व्यवस्था शोधून सापडणार नाही.

१५ एप्रिल २०११ या दिवशी अमेरिकी सरकारनं पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या ऑनलाइन पोकरच्या साइट्सवर खटले भरले. खेळाडू त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. फुल टिल्टकडे खेळाडूंची जमा परत करण्याइतके पैसेच नसल्याचं उघड झालं. वर्षानुवर्षं पत्त्यांच्या लहरी सोसून जपलेली पुंजी अशी टेबलाबाहेरच अडकली. अनेक अमेरिकी खेळाडू कॅनडा, मेक्सिको, कोस्टा रिका इथे घर हलवून गेले. दुर्दैवाची मोजदाद करणाऱ्यांच्या कोष्टकात याला रकाना नव्हता.

त्याच २०११ मध्ये जॅरेड टेंडलर या समुपदेशकाचं 'द मेंटल गेम ऑफ पोकर' हे पुस्तक आलं. टेंडलर आधी गोल्फपटूंबरोबर काम करत असे. 'टिल्ट' म्हणजे एकच राग असतो ही समजूत त्यानं मोडली. अन्याय झाल्याचा राग वेगळा, आपल्या हातून चूक झाली याचा वेगळा, एखाद्याचा वचपा काढायचाच असा वेगळा. आणि प्रत्येकावर उतारा वेगळा. 'शांत राहा' या निरुपयोगी सल्ल्यापेक्षा हे कितीतरी पुढचं होतं.

जुन्या खेळाडूंपैकी एरिक सायडेल मनाची ही शिस्त आपल्या पद्धतीनं आधीच पाळत आला होता. १९८८ च्या मुख्य स्पर्धेच्या अंतिम डावात तो जॉनी चॅनकडून हरला आणि तो पराभव 'राउंडर्स' या १९९८ च्या चित्रपटात दाखवला गेल्यामुळे जगभर पाहिला गेला. तरीही पुढची तीन दशकं तो अव्वल पातळीवर टिकून राहिला. लेखिका मारिया कॉनिकोवा त्याच्याकडे पोकर शिकायला गेल्या. नशिबानं कसा घात केला याच्या कहाण्या ऐकण्यात सायडेलला रस नव्हता. डाव कसा संपला ते राहू दे, निर्णय काय घेतला ते सांग, असा त्याचा आग्रह. कॉनिकोवा यांच्या २०२० मधल्या 'द बिगेस्ट ब्लफ' या पुस्तकाचा तो कणा आहे. रडगाणं ऐकून न घेणारा मित्र असणं हे इथे मोठं भाग्य ठरतं.

या काळातलं सगळ्यांत लखलखीत उदाहरण मात्र फिल गॅल्फंडचं. पॉट-लिमिट ओमाहा या प्रकारातला तो नावाजलेला गुरू. बरीच वर्षं स्वतः फारसा खेळत नव्हता, तरी त्यानं जगाला आव्हान दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये 'वेनीविदी१९९३' या टोपणनावाच्या खेळाडूशी त्याचा पंचवीस हजार डावांचा सामना सुरू झाला. ब्लाइंड शंभर आणि दोनशे युरो, आणि सगळं थेट प्रक्षेपित. फेब्रुवारीत गॅल्फंड नऊ लाख युरोंनी मागे पडला होता. रोज, हजारो लोकांसमोर. पंचवीस हजारांतले बरेच डाव अजून शिल्लक होते. त्यानं सामना थांबवला आणि आपल्याला समोरच्यावर खरंच वरचष्मा आहे का, याची शंका वाटते, हे उघडपणे लिहिलं. काही आठवड्यांची विश्रांती घेतली, अभ्यास केला आणि मार्चमध्ये तो परत बसला. एप्रिलमध्ये पंचविसावा हजार संपला तेव्हा तो दोन हजारांहूनही कमी युरोंनी पुढे होता.

लोकांना यात चिकाटीचा विजय दिसला, आणि तो होताच. पण आकड्याकडे पाहावं. पंचवीस हजार डाव, नऊ लाखांचा खड्डा, नऊ लाखांची चढण, आणि शेवटी हाती दहा बिग ब्लाइंडसुद्धा नाहीत. दोघांत सरस कोण, हे या निकालावरून सांगता येत नाही. गॅल्फंडचं मोठेपण पैसे भरून काढण्यात असेलच, पण त्याहून जास्त ते थांबण्यात होतं. सामन्याच्या मध्यावर, सगळं जग पाहत असताना, 'आता नको' म्हणायला फार बळ लागतं.

काहींनी थांबायचं आधीच ठरवलं. जर्मनीच्या फेडोर होल्त्झनं २०१६ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच सुमारास त्यानं पूर्णवेळ खेळातून बाजूला होत असल्याचं सांगितलं. पुढे इलियट रो या मानसिक प्रशिक्षकाबरोबर त्यानं खेळाडूंच्या मानसिक तयारीचं 'प्राइम्ड माइंड' हे ॲप काढलं. नामवंत खेळाडू डॅनियल नेग्रानू याच्या उलट टोकाचा. २०१३ नंतर त्याला ब्रेसलेट मिळेना. दरवर्षीचा जमाखर्च तो जाहीर करतो, आणि २०२३ च्या हिशेबात वीस लाख डॉलरहून जास्त तोटा होता. मधल्या एका पराभवानंतर त्यानं आपली सेल्फी-स्टिक फेकली, तेही त्याच्याच व्हिडिओत दिसलं. जून २०२४ मध्ये पन्नास हजार डॉलर फीची स्पर्धा जिंकून त्यानं सातवं ब्रेसलेट मिळवलं. अकरा वर्षं गेली. एवढा तोटा पचवायला नेग्रानूची श्रीमंती हाताशी लागते, हे त्याच्या जिद्दीचं कौतुक करताना विसरू नये.

भारतात ही लाट उशिरा आली, पण आली ती जोरात. २०१७ मध्ये आदित्य सुशांत आणि निपुण जावा यांनी जोडीनं ब्रेसलेट जिंकलं, २०१८ मध्ये निकिता लुथर ते मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. महाराष्ट्रात १९७६ सालचा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खेळाडूला समोरासमोर खेळायचं तर पणजीला, मांडवीतल्या बोटींवर जावं लागे. बाकी दिवस मोबाइल आणि लॅपटॉप.

त्याच २०२३ मध्ये करांनी सगळं गणित बदललं. एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के करकपात, ऑक्टोबरपासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. पत्त्यांचा चढउतार कॅलेंडर ओळखत नाही, पण आयकराचं वर्ष ३१ मार्चला संपतं. यंदा जिंकलं त्यावर कर भरायचा आणि पुढच्या वर्षी हरलं तर तो तोटा त्यातून वजा होत नाही. एक लाख डावांनी सरासरी साधण्याची भाषा करणाऱ्या खेळाडूला हा नियम पानांपेक्षा जास्त जाचला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद करणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा न्यायालयांत वर्षानुवर्षं घोळलेला भेद त्यात उरला नाही. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि साइट्सनी पैशांची टेबलं बंद केली. व्यसनापायी देशोधडीला लागलेल्या कुटुंबांचं दुःख या कायद्यामागे होतं आणि ते खरं होतं. ज्यांनी हाच व्यवसाय मानून शिस्तीनं हिशेब ठेवले, त्यांचंही सगळं काही दिवसांत थांबलं.

आता उरली गोव्याची टेबलं आणि परदेशातल्या स्पर्धा. चार ऑनलाइन टेबलांवर तासाला अडीचशे डाव होत, म्हणजे एक लाख डावांना चारशे तास पुरत. समोर माणूस पत्ते वाटतो तेव्हा तासाला जेमतेम तीस डाव होतात. त्याच एक लाखाला तीन हजार तीनशेहून अधिक तास लागतात. रोज आठ तास बसलं तरी चारशेवर दिवस. पानं लागत नाहीत की खेळ चुकतोय, याचं उत्तर मिळायला आता तेवढे दिवस थांबावं लागतं, आणि पणजीतल्या खोलीचं भाडं त्यात रोज वेगळं भरावं लागतं.