नायकाचा प्रवास शिकवायचाय? गिल्गामेश घ्या!

अमेरिकेत अनेक हायस्कुलांत नववीच्या सुमारास होमरचं ‘ओडिसी’ वाचतात. सोबत जोसेफ कॅम्पबेलने १९४९ साली मांडलेला नायकाचा प्रवास शिकवतात: घर सोडणं, कसोट्या, परतणं.

मी तर आधी मेसोपोटेमियाचं ‘गिल्गामेश’ महाकाव्य घेईन. जिवलग मित्र एन्किडू मरतो आणि उरुकचा हा बलाढ्य राजा मृत्यूच्या धास्तीने अमरत्व शोधत रानोमाळ भटकतो. तारुण्य परत देणारी वनस्पती अखेर मिळते, पण तो आंघोळ करत असताना साप ती पळवतो! कॅम्पबेलच्या मांडणीत नायक काहीतरी कमावून परततो. हा तर रिकाम्या हाती आला. मग प्रवास फसला का?

शिक्षकांनो, या प्रश्नावर वर्गाला मनसोक्त भांडू द्या. फळ्यावर नायकाच्या प्रवासाची आकृती नंतर काढा.