गळक्या छपराला पाटी कोण लावणार?

वाचकहो, मृगाचा पाऊस आठवड्यावर आला की आपल्या घरी काय धांदल उडते ती आठवा. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, शाकारणी उरकायची, वळचणीचे पाणी जोत्यात मुरू नये म्हणून चर मोकळा करायचा. हे काम कोणी नारळ फोडून सुरू करीत नाही आणि संपल्यावर गावजेवणही घालत नाही. पण एक वर्ष चुकले, तर पुढच्या वर्षी आढे बदलायची पाळी येते.

आता समजा, घर एक नाही, अख्खी वसाहत आहे. आणि घरधनी कोणी एक नाही, लोकांच्या देणगीवर तिचा बराच खर्च चालतो. मग तिथल्या शाकारणीचा पैसा कोठून यायचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोड्याचे आनंदवन आपल्याला ठाऊक आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली खडकाळ, झुडपी जमिनीवर मूठभर कुष्ठरोगी बरोबर घेऊन बाबा आणि साधनाताई राहायला गेले. आधी झोपड्या, मग विहीर, मग भिंती. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक त्या पहिल्या दशकात येऊन राबले आणि दवाखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या. पुढची बांधकामे मुख्यतः तिथल्याच माणसांनी केली. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांनी बोटे झडलेल्या हातांत थापी धरली. त्या भिंतींतल्या सर्वांत जुन्यांना आता सत्तर वर्षे होऊन गेली.

सत्तर वर्षांच्या भिंतीला काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. वरोड्याच्या आसपासचा मुलूख काळ्या जमिनीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे घर त्याबरोबर वरखाली होते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली, की दोष भिंतीचा नसतो, पायाशी मुरणाऱ्या पाण्याचा असतो. चिरेत सिमेंट भरून वर रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा हसते. आधी पन्हाळ दुरुस्त करावी, जोत्याभोवती उताराची फरसबंदी करावी, सांडपाणी लांब न्यावे. चीर अजून हलते आहे की थांबली, हे ओळखायची युक्तीही सोपी आहे. तिच्यावर गिलाव्याची आडवी पट्टी ओढा आणि तारीख घाला. पट्टी तडकली, तर भिंत अजून चालते आहे. ही युक्ती आपल्या घरीही करून पाहा.

स्लॅबचे दुखणे वेगळे. आतली सळई गंजली की फुगते आणि खालचे सिमेंट पोपड्यासारखे ढकलून देते. गंज न खरवडता वरून गिलावा करणे म्हणजे पू न काढता जखम बांधणे. काही ठिकाणी गळती थांबवायला दर दोन-चार वर्षांनी स्लॅबवर नवा थर चढवतात. गळती थांबत नाही, ओझे मात्र वाढते.

आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी लोखंड आणि लाकूड टाळून विटांच्या कमानी छताची स्वस्त घरे बांधली. गंजायला सळई नाही, वाळवीला वासा नाही! पण कमानीलाही आपले पथ्य असते. तिचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर रेटतो. भिंत जरा सरकली की माथ्यावर लांबलचक चीर उघडते. म्हणून नळ किंवा वायर न्यायची म्हणून कमानीला मनाला येईल तिथे भोके पाडू नयेत आणि वरचा गिलावा शाबूत ठेवावा.

दुरुस्ती एवढ्यावर भागत नाही. कुष्ठरोगावर १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. रोग लवकर बरा होऊ लागला आणि बहुतेकांना घर सोडावे लागेनासे झाले. पण आधीच्या काळात विकृती आलेली आणि घरचे दार बंद झालेली माणसे अशा वसाहतींतच म्हातारी झाली. त्यांच्या पायांना संवेदना नसते. फुटक्या फरशीची कड लागली तर कळत नाही, आणि त्या जखमेचा व्रण होऊन पाय जातो. बोटे नसलेल्या हाताला गोल मूठ फिरवता येत नाही; दाराला खाली दाबायची मूठ हवी, नळ कोपराने उघडणारा हवा. पायऱ्यांच्या जागी उतार हवा, आणि तोही बारा फुटांमागे एक फुटाहून अधिक चढाचा नको. संडासात उंच बैठक आणि भिंतीला धरायला दांडी हवी. याला चैन म्हणणाऱ्याने आपल्या घरच्या आजीला विचारून पाहावे.

आता पैशाकडे येऊ. एका संस्थेच्या सभागृहात मी देणगीदारांच्या तीन संगमरवरी पाट्या वाचल्या. मधल्या पाटीखाली गळतीची बादली ठेवली होती. त्यात दात्यांची लबाडी नव्हती. वडिलांच्या नावाने खोली बांधावी असे कोणालाही वाटते. पण ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामावर तो खर्च करणे संस्थेवर बंधनकारक असते. खोली उभी राहते आणि दुरुस्तीच्या खात्यात एक घर वाढते, पैसा वाढत नाही. दहा लाखांच्या इमारतीला वर्षाला दोनच टक्के धरले तरी वीस हजार झाले, आणि ते दरवर्षी.

माझ्या मते नव्या इमारतीची देणगी घेतानाच संस्थेने तिचा काही हिस्सा कायम निधीत टाकायची अट घालावी. त्याचे व्याज फक्त दुरुस्तीला वापरावे. दाते नाराज होतील या भीतीने पुष्कळ संस्था हे बोलतच नाहीत.

तुम्ही सोयाबीन-कापसाच्या पैशातून शंभर-पाचशे पाठवणार असाल, तर सोबतच्या चिठ्ठीत ‘दुरुस्तीसाठी’ असे स्वच्छ लिहा, किंवा ‘जिथे नड असेल तिथे’. आणि नागपूर-चंद्रपूर रस्त्याने जाणे झाले तर वरोड्याला उतरा. छपरे आणि पन्हाळी पाहायच्या असतील तर मे महिन्यात जा. ऊन फार असते, डोक्याला पंचा बांधून घ्या.