३६६वा दिवस

३१ डिसेंबर २००८. जगभरात झून नावाचे म्युझिक प्लेअर एकाएकी बंद पडू लागले. आयपॉडला टक्कर द्यायला मायक्रोसॉफ्टने २००६च्या नोव्हेंबरात हा झून बाजारात आणला होता. त्यातलं ३० जीबीचं मॉडेल ऐन थर्टी-फर्स्टला सुरू होता होताच गोठलं. कंपनीने सांगितलेला उपाय भन्नाट होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिचमध्ये दुपारचे बारा वाजून गेले की चार्ज करा. थोडक्यात, काही करू नका, उद्या आपोआप बरा होईल. आणि झालाही!

घोळ होता घड्याळ सांभाळणाऱ्या चार-दोन ओळींत. १९८०च्या १ जानेवारीपासून कितवा दिवस चालू आहे, त्या आकड्यावरून साल काढायचं, एवढंच त्यांचं काम. दिवस ३६५हून जास्त आहेत तोवर चक्र फिरत राहायचं. साल साधं असेल तर ३६५ वजा करून पुढच्या सालात जायचं. लीप असेल तर मात्र आधी बघायचं, दिवस ३६६हून जास्त आहेत ना? असतील तरच ३६६ वजा.

आता नेमके ३६६च उरले तर? ३६५हून जास्त, म्हणून चक्रातून सुटका नाही. ३६६हून जास्त नाहीत, म्हणून वजाबाकीही नाही. यंत्र जागच्या जागी गरगरत बसतं. २००८ हे झूनच्या नशिबी आलेलं पहिलंच लीप वर्ष, त्यामुळे तोवर कोणाला पत्ताच लागला नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. १९८०सुद्धा लीप वर्षच! म्हणजे या फंक्शनला नुसता ३६६ हा आकडा दिला असता, तरी ते तिथल्या तिथे अडकलं असतं. चार वर्षांतून एकदा उगवणारा दिवस कुठल्याही मंगळवारी दुपारी टेबलावर बोलावता आला असता.

युनिट टेस्ट म्हणतात ती हीच. अवाढव्य प्रोग्रॅममधला एक तुकडा सुटा काढायचा, त्याला एक आकडा द्यायचा, उत्तर काय यायला हवं ते आपण आधीच लिहून ठेवायचं आणि पडताळणी यंत्रावर सोपवायची. पायथॉनमध्ये पायटेस्ट बसवलं की ‘टेस्ट’ आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी फाइल, तशाच नावाचं फंक्शन आणि आत ‘असर्ट’ची एक ओळ, बस्स. जमलं तर स्क्रीनवर एक टिंब उमटतं. चुकलं तर ‘एफ’ येतो, आणि खाली काय हवं होतं, काय मिळालं याचा पंचनामा. जावावाल्यांचं जेयुनिट तर केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच लिहायला घेतलं होतं.

आकडे निवडताना मधले सोडा, काठावरचे घ्या. इथे १, ३६५, ३६६ आणि ३६७ पुरेत. २००ने काहीच कळणार नाही. झूनच्या कोडला ३६६ दिलात तर मात्र ‘एफ’सुद्धा दिसणार नाही, टेस्टच लटकेल. म्हणून अशा ठिकाणी वेळेची मर्यादा घालून ठेवलेली बरी.

नवख्यांची गाडी बहुधा दुसरीकडे अडते. फंक्शन स्वतःच यंत्राच्या घड्याळाला ‘आज तारीख काय?’ विचारतं, मग त्याला हवा तो दिवस दाखवणार कसा? तारीख बाहेरून द्या, घड्याळाला आत विचारू नका. माझ्या मते टेस्ट लिहिण्याचा निम्मा फायदा या एका बदलातच आहे, कारण कोड तेवढ्यानेच सुटसुटीत होतो.

आणि हाताशी लीप वर्ष ओळखणारं एखादं फंक्शन असेलच, तर पहिल्या टेस्टमध्ये त्याला २१०० द्या. शतकाच्या सालाला ४००ने भाग जावा लागतो, त्यामुळे उत्तर ‘नाही’ असं यायला हवं. नुसता चारने भाग जातो का एवढंच बघणारा कोड मात्र छातीठोकपणे ‘हो’ म्हणेल.