किलियन एम्बापेची प्रारंभिक कारकीर्द

किलियन एम्बापे (जन्म: २० डिसेंबर १९९८, पॅरिस) हा फ्रान्सचा व्यावसायिक फुटबॉलपटू असून तो आघाडीच्या फळीत खेळतो. पॅरिसच्या उपनगरातील एका हौशी क्लबपासून सुरू झालेला त्याचा प्रवास वयाच्या विसाव्या वर्षाआधीच फिफा विश्वचषकाच्या विजेतेपदापर्यंत पोहोचला. प्रस्तुत लेखात त्याच्या जडणघडणीपासून २०१८ अखेरपर्यंतच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

एम्बापेचे बालपण पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या बोंदी या उपनगरात गेले. त्याचे वडील विल्फ्रिद हे मूळचे कॅमेरूनचे, तर आई फायझा लमारी ही अल्जीरियातील काबील वंशाच्या कुटुंबातील आहे. वडील ए. एस. बोंदी या स्थानिक क्लबमध्ये मुलांना फुटबॉल शिकवत असत आणि आई हँडबॉलपटू होती. त्यामुळे खेळाची शिस्त त्याला घरातूनच मिळाली. बोंदी क्लबमध्ये वडील हेच त्याचे सुरुवातीचे प्रशिक्षक होते.

बोंदी ज्या सेन-सँ-देनी विभागात येते, तो फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत गरीब विभागांपैकी एक मानला जातो. आफ्रिका व अन्य खंडांतून आलेल्या स्थलांतरितांची वस्ती येथे मोठी आहे. २००५ साली जवळच्या क्लिशी-सू-बुआ येथे सुरू झालेल्या दंगलींनंतर या उपनगरांची ओळख देशभर बेरोजगारी आणि असंतोष यांच्याशी जोडली गेली. मात्र याच पट्ट्यातून फ्रान्सला असंख्य व्यावसायिक फुटबॉलपटू मिळाले आहेत. दाट लोकवस्ती, प्रत्येक वस्तीतील छोटे क्लब, स्वयंसेवी प्रशिक्षक आणि मुलांमधील तीव्र चुरस ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

क्लेअरफोंतेन आणि क्लबची निवड

फ्रेंच फुटबॉल महासंघ पॅरिस परिसरातील निवडक मुलांना क्लेअरफोंतेन येथील राष्ट्रीय केंद्रात दोन वर्षे प्रशिक्षण देतो. साधारणपणे तेरा ते पंधरा वर्षे वयाची ही मुले सोमवार ते शुक्रवार केंद्रात राहून शाळा व सराव करतात आणि आठवड्याच्या शेवटी आपापल्या क्लबकडून सामने खेळतात. या टप्प्यावर शारीरिक ताकदीपेक्षा चेंडूवरील नियंत्रण आणि निर्णयाचा वेग यांवर भर दिला जातो. थिएरी आँरी आणि निकोला आनेल्का हे पूर्वीचे नामांकित आघाडीपटू याच केंद्रात घडले होते. एम्बापेचीही येथे निवड झाली.

युरोपातील अनेक मोठ्या क्लबांचे त्याच्याकडे लक्ष गेले होते. रेआल माद्रिदने त्याला चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास स्पेनमध्ये बोलावले होते. तथापि कुटुंबाने २०१३ मध्ये ए. एस. मोनॅकोची निवड केली. अतिश्रीमंत क्लबांमध्ये कोवळ्या खेळाडूला मुख्य संघात जागा मिळणे कठीण असते. तुलनेने लहान क्लबात ती शक्यता अधिक होती.

मोनॅकोमधील पदार्पण

मोनॅकोची परिस्थितीही या काळात बदलत होती. नवे मालक दिमित्री रिबोलोव्हलेव्ह यांच्या काळात क्लबने २०१३ मध्ये महागडे खेळाडू विकत घेतले. पुढच्याच वर्षी मात्र हे धोरण सोडून तरुण खेळाडू घडवायचे, त्यांना खेळवायचे आणि योग्य वेळी मोठ्या किमतीला विकायचे असा मार्ग स्वीकारला. या धोरणाचा थेट लाभ एम्बापेला झाला.

२ डिसेंबर २०१५ रोजी काँ संघाविरुद्धच्या १-१ असा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात तो अखेरच्या मिनिटांत बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. १६ वर्षे ३४७ दिवस वयाचा एम्बापे मोनॅकोच्या मुख्य संघाकडून खेळणारा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. हा विक्रम पूर्वी थिएरी आँरीच्या नावावर होता. २० फेब्रुवारी २०१६ रोजी त्रुआविरुद्ध त्याने पहिला गोल केला आणि क्लबचा सर्वांत तरुण गोलकर्ता हा आँरीचा दुसरा विक्रमही मोडला.

त्या वेळी त्याच्याकडे व्यावसायिक करार नव्हता. असा खेळाडू हातचा जाण्याचा धोका क्लबसमोर होता, तर केवळ करार करून मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर अडकू नये ही कुटुंबाची चिंता होती. अखेर मार्च २०१६ मध्ये त्याने तीन वर्षांच्या पहिल्या व्यावसायिक करारावर स्वाक्षरी केली. मे महिन्यात युवा संघांसाठीच्या गांबार्देला करंडकाच्या अंतिम सामन्यात मोनॅकोने लाँस संघाचा ३-० असा पराभव केला. त्यात एम्बापेने दोन गोल केले. जुलैमध्ये जर्मनीत झालेल्या १९ वर्षांखालील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने पाच गोल केले. अंतिम सामन्यात फ्रान्सने इटलीवर ४-० असा विजय मिळवला.

२०१६-१७ चा हंगाम

या हंगामाच्या पूर्वार्धात त्याला मर्यादित संधी मिळाली. १४ डिसेंबर २०१६ रोजी लीग करंडकात रेनविरुद्ध (७-०) आणि ११ फेब्रुवारी २०१७ रोजी लीग १ मध्ये मेसविरुद्ध (५-०) त्याने हॅटट्रिक नोंदवल्या. त्यानंतर प्रशिक्षक लिओनार्दो जार्दिम यांनी त्याला कोलंबियाचा अनुभवी आघाडीपटू रादामेल फाल्काओ याच्या जोडीला नियमितपणे खेळवण्यास सुरुवात केली. फाल्काओ गोलजाळ्याजवळ बचावपटूंना गुंतवून ठेवत असे आणि मोकळ्या झालेल्या जागेत एम्बापे वेगाने धावत असे.

चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत मँचेस्टर सिटीविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले. पहिला सामना मोनॅकोने ३-५ असा गमावला, दुसरा ३-१ असा जिंकला. एकूण गोल ६-६ असे समान झाले. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणाऱ्या संघाला पुढे पाठवण्याच्या तत्कालीन नियमामुळे मोनॅकोला पुढील फेरी मिळाली.

उपउपांत्य फेरीत मोनॅकोची गाठ बोरुसिया डॉर्टमुंडशी पडली. ११ एप्रिल २०१७ रोजी डॉर्टमुंडच्या खेळाडूंना घेऊन जाणाऱ्या बसजवळ स्फोट झाले आणि त्यात बचावपटू मार्क बार्त्रा जखमी झाला. सामना दुसऱ्याच दिवशी खेळवण्यात आला आणि या घाईवर डॉर्टमुंडच्या गोटातून तीव्र नाराजी व्यक्त झाली. मोनॅकोने तो सामना ३-२ असा जिंकला. त्यात एम्बापेचे दोन गोल होते. परतीच्या सामन्यातही त्याने गोल केला. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीतील आपल्या पहिल्या चारही सामन्यांत गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. उपांत्य फेरीत मात्र युव्हेंटसने मोनॅकोला एकूण ४-१ असे हरवले. मोनॅकोचा एकमेव गोल एम्बापेने केला.

मोनॅकोने ९५ गुणांसह २००० नंतर प्रथमच लीग १ चे विजेतेपद पटकावले आणि सलग चार वर्षे विजेत्या असलेल्या पॅरिस सें-जर्मेनची मक्तेदारी मोडली. सेंत-एतिएनविरुद्ध विजेतेपद निश्चित करणाऱ्या सामन्यातील पहिला गोल एम्बापेचा होता. सर्व स्पर्धा मिळून त्याने त्या हंगामात ४४ सामन्यांत २६ गोल केले.

पॅरिस सें-जर्मेनला स्थलांतर

विजेतेपदानंतर मोनॅकोचा संघ लगेच विखुरला. बर्नार्दो सिल्व्हा व बेंजामँ मेंदी मँचेस्टर सिटीकडे, तर तिएमुए बाकायोको चेल्सीकडे गेला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी एम्बापेचा पॅरिस सें-जर्मेनशी करार जाहीर झाला. पहिले वर्ष तो तेथे उसनवार पद्धतीने खेळणार होता आणि त्यानंतर १८ कोटी युरोपर्यंतच्या किमतीत कायम होणार होता.

या रचनेमागे आर्थिक कारण होते. त्याच उन्हाळ्यात पॅरिसने नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले होते. क्लबांनी उत्पन्नाच्या प्रमाणातच खर्च करावा असे युरोपीय महासंघाचे नियम सांगतात. व्यवहार एका वर्षाने पुढे ढकलल्यामुळे दोन्ही खर्च एकाच हिशेबात येणे टळले. अठरा वर्षांच्या खेळाडूची एवढी किंमत हा तेव्हा मोठ्या वादाचा विषय ठरला.

८ सप्टेंबर रोजी मेसविरुद्ध पदार्पणातच त्याने गोल केला. पहिल्या हंगामात त्याने लीगमध्ये १३ गोल केले. पॅरिसने लीग, फ्रेंच करंडक आणि लीग करंडक ही तिन्ही देशांतर्गत विजेतेपदे मिळवली. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र रेआल माद्रिदकडून पराभव पत्करावा लागला.

राष्ट्रीय संघ आणि २०१८ चा विश्वचषक

२५ मार्च २०१७ रोजी लक्झेंबर्गविरुद्ध एम्बापेने फ्रान्सच्या वरिष्ठ संघात पदार्पण केले. १९५५ मधील मारियान व्हिस्न्येस्कीनंतर इतक्या लहान वयात फ्रान्सकडून कोणीही खेळले नव्हते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे पॅरिसशी करार जाहीर झाला त्याच दिवशी, नेदरलँड्सविरुद्ध त्याने पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला.

रशियातील विश्वचषकात प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला उजव्या बाजूने खेळवले. २१ जून २०१८ रोजी पेरूविरुद्धचा एकमेव गोल करून तो विश्वचषकात फ्रान्सचा सर्वांत तरुण गोलकर्ता ठरला. ३० जून रोजी कझान येथे अर्जेंटिनाविरुद्ध त्याने स्वतःच्या अर्ध्या भागातून चेंडू घेऊन मारलेली धाव रोखताना मार्कोस रोहोने त्याला पाडले आणि फ्रान्सला पेनल्टी मिळाली. उत्तरार्धात चार मिनिटांत दोन गोल करून त्याने ४-३ असा विजय निश्चित केला. पेलेनंतर विश्वचषकाच्या एका सामन्यात दोन गोल करणारा तो पहिला किशोरवयीन खेळाडू होता.

स्पर्धेत त्याच्यावर टीकाही झाली. बेल्जियमविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणी वेळकाढूपणा केल्याबद्दल त्याला पिवळे कार्ड दाखवण्यात आले. १५ जुलै रोजी मॉस्कोतील अंतिम सामन्यात फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ असे नमवले. त्यातील चौथा गोल एम्बापेचा होता. १९५८ मधील पेलेनंतर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा तो दुसराच किशोरवयीन खेळाडू ठरला. चार गोल करणाऱ्या एम्बापेला सर्वोत्कृष्ट युवा खेळाडूचा पुरस्कार मिळाला. स्पर्धेतील मानधन त्याने रुग्णालयातील व अपंग मुलांसाठी खेळाचे उपक्रम राबवणाऱ्या प्रेमिए द कोर्दे या संस्थेला दिले.

खेळशैली

या काळात एम्बापे मुख्यतः आपल्या वेगासाठी ओळखला जाई. मात्र केवळ वेग हे त्याच्या यशाचे पूर्ण स्पष्टीकरण नाही. बचावपटूच्या नजरेआडून धाव सुरू करणे, पूर्ण वेगात असतानाही चेंडू पायाजवळ ठेवणे आणि अचानक थांबून दिशा बदलणे ही त्याची वैशिष्ट्ये होती. उजव्या पायाने खेळत असूनही तो दोन्ही बाजूंनी तसेच मध्यभागी खेळू शकत असे. हवेतील चेंडूवरील खेळ ही त्याची तुलनेने दुबळी बाजू होती.

मूल्यमापन

एम्बापेची वाटचाल अनेकदा अपवादात्मक प्रतिभेची कथा म्हणून सांगितली जाते. त्या प्रतिभेला वस्तीतील क्लब, सरावाची सवय असलेले कुटुंब, महासंघाचे प्रशिक्षण केंद्र आणि तरुणांना खेळवण्याचे मोनॅकोचे धोरण या सर्वांची साथ मिळाली. बोंदीसारख्या उपनगरांतील बहुसंख्य होतकरू मुलांना यांपैकी सर्व गोष्टी एकत्र मिळत नाहीत आणि व्यावसायिक करारापर्यंत त्यांतील फार थोडी पोहोचतात. म्हणूनच फ्रान्समध्ये त्याचे उदाहरण उपनगरांच्या क्षमतेचा पुरावा म्हणून, तसेच तेथील संधींच्या अभावावरील चर्चेतही दिले जाते.

२०१७ मध्ये त्याला युरोपातील तरुण खेळाडूंसाठीचा गोल्डन बॉय पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०१८ मध्ये २१ वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूसाठी नव्याने सुरू झालेल्या कोपा करंडकाचा तो पहिला मानकरी ठरला.